विश्लेषण : मिथुन उल्कावर्षाव शहरातून किती दिसणार?

डिसेंबरमधील मिथुन उल्कावर्षाव हा वर्षातील सर्वांत भरवशाच्या उल्कावर्षावांपैकी एक. त्याचे शिखर यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, १४ डिसेंबरला भारतात दिवसा येत असल्याने १३ आणि १४ डिसेंबर या दोन्ही रात्री निरीक्षणाची संधी आहे. ‘तासाला १२० उल्का’ हा आकडा दरवर्षी सांगितला जातो. मात्र मुंबई-पुण्यातील गच्चीवरून तेवढ्या दिसत नाहीत.

उल्का येतात कुठून?

बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे सोडलेल्या धुळीमुळे होतात. हा मात्र १९८३ मध्ये शोधल्या गेलेल्या ‘३२०० फेथॉन’ या लघुग्रहाशी निगडित आहे. त्याच्या कक्षेत विखुरलेले कण दर डिसेंबरमध्ये पृथ्वीच्या वाटेत येतात आणि सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरून जळतात.

मग आकडा फसवा का?

तो आदर्श स्थितीतला आहे : आकाश पूर्ण काळोखे आणि उल्कांचा उगमबिंदू थेट डोक्यावर. शहरात पथदिवे, जाहिरात फलक यांचा वर जाणारा प्रकाश धूळ आणि धुरक्यात विखुरतो व आकाश उजळते. उल्कांमध्ये मंद उल्काच अधिक असतात. त्या या उजेडात हरवतात आणि मोजक्या ठळक उल्का उरतात.

कधी, कसे पाहावे?

रात्री दहानंतर मिथुन रास पूर्वेला बरीच वर येते. पुनर्वसू नक्षत्राजवळ लखलखणारा गुरू ही तिची खूण. १३ च्या रात्री पहाटे दोनच्या सुमारास चंद्रकोर उगवेल. त्याआधीचे दोन-तीन तास उत्तम. दुर्बिणीची गरज नाही. डोळे काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, तोवर मोबाइल दूर ठेवावा. संध्याकाळीच आकाश पाहणाऱ्यांना दक्षिणेला शनी दिसेल. त्याची कडी सध्या जवळजवळ कडेने दिसत असल्याने लहान दुर्बिणीतून ती बारीक रेषेसारखी भासतील.

उपाय काय?

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांमध्ये प्रकाश जमिनीकडेच टाकणारे दिवे बसवण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, फक्त उजेड वर जायचा थांबला. नदीतले सांडपाणी किंवा हवेतला धूर निवळायला वेळ लागतो. प्रकाश प्रदूषण दिवा झाकताक्षणी संपते. सोसायटीच्या गच्चीवरचा फ्लडलाइट त्या दोन रात्री बंद ठेवला, तरी काही उल्का वाढतील.