उन्हाला विचारून बांधलेलं घर



आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. भिंती मातीच्या, जमीन मातीची, डोक्यावरही मातीच. बाहेर ऊन रणरणतंय, पण आत छान गारवा. पंखा नाही, कूलर नाही, विजेचं बिल नाही. सांगा पाहू, मी कोण?

ज्यांचं आजोळ खानदेशातल्या एखाद्या खेड्यात आहे, त्यांनी केव्हाच ओळखलं असेल. बरोबर, धाब्याचं घर! धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. रस्त्याच्या कडेला दाल-रोटी मिळते तो ढाबा वेगळा बरं का! 'ध' आणि 'ढ' मध्ये गफलत केलीत, तर आजीच्या घराऐवजी थेट हॉटेलात पोहोचाल.

आज आपल्याला बोलायचंय ते कडक उन्हाच्या मुलखात घर कसं बांधावं याबद्दल. तुम्ही म्हणाल, "बाई, घर काय आम्ही बांधणार? ते तर आई-बाबा बांधतात." खरं आहे. पण त्या घरात दुपारभर कोण असतं? सुट्टीत तुम्ही असता, आजी-आजोबा असतात, पाळण्यातलं बाळ असतं. मग घर कसं असावं हे तुम्हांला नको कळायला?

आपलं ऊन आणि आपला पाऊस

आपल्या जळगाव-धुळ्याचं ऊन तुम्हांला नव्यानं काय सांगायचं! मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. भुसावळचं नाव तर उन्हाळ्यातल्या बातम्यांत हमखास येतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि आपली सावली पायाखाली गडप होते. म्हणजे त्या दिवसांत सगळ्यांत जास्त ऊन कोण खातं? भिंती नव्हे, छप्पर!

पण आपण काही वाळवंटात राहत नाही. राजस्थानातल्या जैसलमेरला वर्षभरात जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या दुपटी-तिपटीहून जास्त पडतो. म्हणजे आपल्या घराला दोन परीक्षा द्याव्या लागतात. मे महिन्यात वाळवंटाची आणि जुलैत पावसाची. एकीत पास आणि दुसरीत नापास होऊन चालत नाही.

तवा आणि चूल

मातीचं घर गार का राहतं? स्वयंपाकघरातच उत्तर आहे. तवा चुलीवर ठेवला की लगेच तापतो आणि खाली उतरवला की लवकर निवतो. पण चुलीची जाड मातीची भिंत सावकाश तापते आणि जेवणं झाली तरी कोमट असते.

आपल्या डोक्यावरचा पत्रा म्हणजे तवा. सकाळी नऊला ऊन लागलं की दहाला आत भाजायला सुरुवात. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत म्हणजे चूल. दुपारचं ऊन तिच्या बाहेरच्या अंगाला लागतं आणि मुंगीच्या पावलांनी आत सरकतं. ते आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, बाहेरची हवा निवायला लागते. मग रात्री दारं-खिडक्या उघडल्या, की भिंत आपली ऊब सोडून देते आणि सकाळी पुन्हा ऊन झेलायला तयार!

म्हणून तर आपले आजी-आजोबा उन्हाळ्यात दुपारी घरात आणि रात्री अंगणात नाहीतर धाब्यावर झोपायचे. ती नुसती हौस नव्हती. दिवसा भिंतीचा उपयोग आणि रात्री आकाशाचा, असा तो हिशेब होता.

काळी आणि पांढरी

आपल्या भाषेत दोन सुंदर शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलं ती जागा. ही नावं मातीच्या रंगावरून पडली.

काळी माती कपाशीला उत्तम, पण घराच्या पायाला वाईट. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. शेतातल्या भेगा पाहिल्यात ना? घराखालची माती अशी फुगली-आक्रसली, की भिंतीला तडे जाणारच. म्हणून काळ्या मातीत पाया खणताना मुरूम लागेपर्यंत खाली जातात.

धाब्याचं छप्पर कसं करतात माहीत आहे? भक्कम लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर काटक्या नाहीतर पऱ्हाटी आणि सगळ्यांत वर चांगली जाड माती. पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर खारी माती पसरून चोपायची. ती पाणी सहजासहजी आत झिरपू देत नाही. छपराला जरासा उतार द्यायचा आणि पाणी पन्हाळीतून बाहेर काढून द्यायचं. झाली दोन्ही परीक्षांची तयारी! मात्र हा अभ्यास दरवर्षी करावा लागतो. एखाद्या वर्षी खारी टाकली नाही, की घरात जागोजागी पातेली मांडावी लागतात.

आपल्या भागात उन्हापासून आसरा शोधणं फार जुनं आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या कावठे इथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलं. तिथं सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. त्यांत जमिनीत खड्डा करून केलेल्या घरांच्याही खुणा आहेत. जमिनीच्या पोटात ऊन आणि थंडी दोन्ही कमी लागतात. उंदीर आणि ससे हे केव्हापासून जाणतात!

दूरदेशीचे शेजारी

आता जरा बाहेर डोकावू या. जैसलमेरला घरं पिवळ्या दगडाची, भिंती जाड, गल्ल्या अरुंद. गल्ली अरुंद असली, की एका घराची सावली समोरच्या घरावर पडते. शेजारधर्मच म्हणा ना! कच्छमध्ये मातीची गोल घरं असतात, त्यांना भुंगा म्हणतात. वर गवताचं शंकूसारखं छप्पर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात पुष्कळ पक्की घरं कोसळली, पण बरेच भुंगे उभे राहिले. इराणमधल्या याझ्द शहरात घरांवर उंच मनोरे असतात. ते वरची वाहती हवा पकडून खाली घरात सोडतात. हाच त्यांचा पंखा!

इजिप्तमध्ये हसन फतही नावाचे वास्तुरचनाकार होऊन गेले. १९४० च्या दशकात त्यांनी लक्सॉर शहराजवळ न्यू गुर्ना हे गाव कच्च्या विटांनी बांधलं. सिमेंट-लोखंड गरिबाला परवडत नाही, पायाखालची माती मात्र सगळ्यांना मिळते, हा त्यांचा विचार. घरं देखणी झाली आणि गारही. पण गंमत अशी, की ज्यांच्यासाठी ती बांधली, त्यांतले बरेच लोक तिथं राहायला जायला तयारच होईनात. त्यांना आपलं जुनं गाव सोडायचं नव्हतं. यातून काय शिकायचं? घर उन्हाला विचारून बांधावं हे खरंच, पण त्यात राहणाऱ्या माणसांनाही विचारावं!

१९३६ सालच्या दोन गोष्टी

आपल्या महाराष्ट्रातल्या दोन गोष्टी १९३६ सालच्याच आहेत. त्या वर्षी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला गेले. वर्ध्याचं ऊनही आपल्याइतकंच कडक. गांधीजींनी अट घातली, की झोपडीला ५०० रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही आणि सामान जवळपासचंच वापरायचं. माती, बांबू, कौलं यांची ती साधी घरं आजही आपल्याला पाहता येतात.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यात, फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. त्यांनीही शहरातून भारी सामान आणलं नाही. खेड्यात मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या वस्तूंतूनच शोभा आणली.

पुढे केरळात हजारो माणसांना स्वस्त आणि सुंदर घरं देणारे लॉरी बेकर सांगत, की गांधीजींचं एक वाक्य आपण कधी विसरलो नाही. आदर्श घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळालं पाहिजे. आपल्या बहिणाबाईंच्या कवितेतली सुगरण तरी दुसरं काय करते? झाडाजवळच्या काडी-गवतातून खोपा विणते, तोही आपल्या पिलांना हवा तसा.

पण जुनं ते सगळंच सोनं नाही

हे मात्र नीट ऐका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात, किल्लारीजवळ भूकंप झाला. तिथल्या घरांना दगड-मातीच्या जाड भिंती होत्या आणि वर मातीचं जड माळवद. भिंतींतले दगड एकमेकांना नीट बांधलेले नव्हते. झोपेत असलेल्या हजारो माणसांवर ती घरं कोसळली.

म्हणून मातीच्या भिंतीलाही चांगला पाया लागतो, कोपरे एकमेकांत गुंतवावे लागतात आणि भिंतींच्या वरून चहूबाजूंनी पट्टा बांधावा लागतो. शिवाय वाळवी, गळती आणि दरवर्षीची लिंपण-सारवण. लोकांनी सिमेंटचा स्लॅब पसंत केला, तो उगीच नव्हे. तुमच्या घरावर पत्रा असेल तर त्यातही कमीपणा वाटू देऊ नका. आई-वडिलांनी कष्टानं उभं केलेलं छप्पर आहे ते. आपण एवढंच पाहायचं, की त्याच घरात उन्हाळा सुसह्य कसा होईल.

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकहो, २०१६ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यांतल्या घरकुलासाठी किमान २५ चौरस मीटर जागा धरलेली आहे. आणि हे घर कंत्राटदारानं नव्हे, कुटुंबानं स्वतः बांधायचं असतं. म्हणजे खिडकी कुठे घ्यायची हे आपल्याच हातात! घर बांधा किंवा आहे ते सुधारा, एवढं जरूर पाहा:

१. पश्चिमेची भिंत दुपारचं तिरपं ऊन खाते. तिकडे मोठी खिडकी नको. कोठीची खोली, न्हाणी किंवा गोठा त्या बाजूला घ्या. जागा असेल तर कडुनिंब लावा.

२. खिडक्या समोरासमोर घ्या आणि त्यांवर छज्जा काढा. गरम हवा वर जाते, म्हणून छताजवळ झरोका ठेवा.

३. गच्चीला किंवा पत्र्याला उन्हाळ्याआधी पांढरा चुना द्या. पांढरा रंग ऊन परतवून लावतो. अहमदाबाद शहरानं २०१३ साली उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांमधली छपरं अशी पांढरी करायला घेतली.

४. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत करा. चूल असेल तिथे मात्र नको, विस्तवाची भीती असते. भांड्यांच्या पाण्यावर गिलक्याचा वेल पत्र्यावर चढवलात, तर सावलीही मिळेल आणि भाजीही!

करून पाहा

पहिला प्रयोग. सारखे दोन पत्र्याचे डबे घ्या. एकाला बाहेरून काळा कागद गुंडाळा, दुसऱ्याला पांढरा. झाकणांवरही तेच कागद चिकटवा. दोन्हींत सारखं पाणी भरून तासभर उन्हात ठेवा आणि तुम्ही सावलीत बसा. मग दोन्हींत बोट बुडवून पाहा. कोणतं पाणी जास्त गरम झालं? चुना द्यायचं काम मात्र मोठ्यांचं. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, आणि पत्र्यावर तर तुम्ही मुळीच चढायचं नाही.

दुसरा प्रयोग गटानं करायचा. शाळेच्या मैदानावर फक्कीनं ५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद चौकोन आखा. हे झालं २५ चौरस मीटरचं घर. आता त्यात पाच जणांचं कुटुंब बसवा. चूल कुठे? आजीची खाट कुठे? अभ्यासाची जागा कुठे? आधी पूर्व-पश्चिम ठरवा, मग दार-खिडक्या आखा. भांडण होईल, होऊ द्या. पण एक नियम पाळायचा: आजीची खाट पश्चिमेच्या भिंतीला लागता कामा नये.

आणि हा आठवड्याचा गृहपाठ. घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा, "तुमच्या लहानपणीचं घर कशाचं होतं? कुणी बांधलं? उन्हाळ्यात दुपारी तुम्ही कुठे बसायचा?" मिळालेली उत्तरं वहीत लिहा, घराचं चित्र काढा आणि आम्हांला पाठवा. पत्रावर गावाचं नाव लिहायला विसरू नका. कोणत्या गावचं ऊन कसं, ते कळायला नको का?

तोवर पाणी भरपूर प्या, डोक्याला रुमाल बांधा आणि दुपारी सावली सोडू नका.

तुमची,
बाई