आषाढात कणगी कोणाची भरलेली?

जुने खेडे स्वयंपूर्ण होते, आपले पिकवी आणि आपले खाई. धान्याचा बाजार आला तो आगगाडीबरोबर, असे अजूनही ठणकावून सांगितले जाते. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफने इथल्या खेड्यांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली आणि साहेबाचे ते कौतुक आपण पदरात पाडून घेतले. हे मत अगदीच बिनबुडाचे नाही. पिकाचा मोठा वाटा गावातच खाल्ला जाई. पण हे सांगणाऱ्याने एकदा डहाणू तालुक्यातल्या चिखल्याच्या वाळूत येऊन उभे राहावे.

समोर समुद्र आहे. वारा सरळ असला तर दमण शिडाच्या होडीने दिवसाभराच्या वाटेवर. पाठीमागे तलासरी अवघी वीस-पंचवीस किलोमीटर. पण मध्ये रान, ओढे आणि बैलवाटा. धान्याच्या हिशेबात कोणते गाव जवळचे?

धान्याचे वजन फार, किंमत थोडी. मिरी बैलाच्या पाठीवर शंभर कोस गेली तरी परवडते. भात परवडत नाही. भात सडले की तांदूळ दोन-तृतीयांशाच्या आसपास उतरतो, म्हणजे न सडता लादणारा तुसाचेही भाडे भरणार. गलबताला वारा फुकट. म्हणूनच पोर्तुगीजांचा गोवा कानडा किनाऱ्यावरच्या बसरूर, होनावर, मंगळूरच्या तांदळावर जगे. तो तांदूळ लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात, काफिल्याने येई. काफिला रखडला की गोव्यात टंचाई. १७३९ पर्यंत आपली डहाणू, तारापूर, माहीम ही बंदरेही त्याच सत्तेच्या हाती होती. आगगाडी यायला अजून सव्वाशे वर्षे होती.

मग बैल कुचकामी होता का? मुळीच नाही. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा वाटेत भेटला. वंजाऱ्यांचे गणित साधे होते: बैल वाटेवरच चरे, चाऱ्याचा खर्च नाही, देशावरून धान्य उतरवायचे आणि परतीला कोकणचे मीठ भरायचे. (परतीचा बैल रिकामा गेला, तर त्या फेरीचे भाडेही धान्यावरच चढणार.) पण या गणितात एक खोट होती. पाऊस बुडाला की धान्याबरोबर गवतही बुडे. जिथे माणसे उपाशी, तिथे बैलही उपाशी. ऐन गरजेच्या मुलखात तांडा शिरणार कसा?

समुद्रालाही कुलूप होते. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद, ओढे भरलेले, वाटा चिखलात. घरची कणगी तळाला लागते तीही नेमकी याच दिवसांत. तेव्हा ज्याच्या कोठारात भात, त्याच्या तोंडी भाव. आतल्या रानपट्टीतल्या ज्या जगण्याला आपण स्वयंपूर्णता म्हणतो, ती पुष्कळदा अशी कोंडी होती. वारली कुटुंब पावसाळ्यात सावकाराकडून खावटी उचलायचे आणि कापणीला ती वाढीसकट खळ्यावरच मोजून द्यायचे. बाजार होता, फक्त त्यात दुसरा दुकानदार नव्हता.

१८६४ मध्ये मुंबई-सुरत आगगाडी याच किनारपट्टीवरून धावू लागली. रुळांच्या पूर्वेला खावटी तशीच राहिली. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला, तेव्हाही ती होतीच. रुळामुळे बाजार आला म्हणणाऱ्यांनी या ऐंशी वर्षांचा हिशेब आधी द्यावा. आणि स्वयंपूर्ण खेड्याचे गोडवे गाणारा भेटला, तर त्याला एवढेच विचारा: आषाढात कणगी कोणाची भरलेली होती?