ओसाड म्हणे!

'सरकारी जमीन' हे दोन शब्द ऐकले की काही लोकांना वाटते, जमिनीला कोणी वाली नाही. अशांपैकी एक म्हणजे सुरतेचा माझा मावसभाऊ. अमेरिकेत मेक्सिकोच्या हद्दीजवळ, ऍरिझोनाच्या वाळवंटात, सरकारी जमिनीवर घरगाडी उभी करून बहुतेक ठिकाणी 14 दिवस फुकट राहता येते, हे त्याने कुठेतरी पाहिले. आता त्याचे म्हणणे, कच्छमध्येही ही सोय हवी. "अरे, सगळं ओसाडच तर आहे! सुरतेहून गाडी काढायची, पाकिस्तानच्या हद्दीजवळ मुक्काम ठोकायचा."

मला हे मुळीच मान्य नाही. आणि सरहद्द हे त्याचे कारण नव्हे. तिथे परवाना लागतो, तो भिरंडियाऱ्याला काढता येतो. प्रश्न 'ओसाड' या शब्दाचा आहे.

पांढऱ्या रणाच्या अलीकडे बन्नी आहे, सुमारे 2,500 चौरस किलोमीटरचे गवताळ रान. तिथले मालधारी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाळतात. या म्हशी रात्री चरायला जातात, तेही गुराख्याशिवाय, आणि पहाटे धारेच्या वेळी आपापल्या परत येतात. 2010 साली बन्नी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे आपण ज्या वेळी 'निवांत मुक्काम' म्हणून जनरेटर लावून, दिवे पेटवून बसणार, नेमकी तीच त्या रानाची कामाची वेळ!

आणि मालधाऱ्यांच्या हाती काय? 1955 साली बन्नी संरक्षित वन ठरले. 2006 चा वनहक्क कायदा आला, तरी त्यांचे सामूहिक हक्काचे दावे वर्षानुवर्षे रखडले. रानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश मिळवण्यासाठी त्यांनाच हरित लवादाकडे जावे लागले. तो 2021 साली मिळाला. इकडे 2005 पासून धोरडोजवळ रणोत्सवाचे तंबू मात्र थाटात उभे राहिले. ज्याची गुरे तिथे चरतात त्याने कागद दाखवायचा, आणि चार दिवसांच्या पाहुण्याला वातानुकूलित तंबू. हा कुठला न्याय?

गोंयकारांना हे वेगळे समजवायला नको. पावसात आमच्या सड्यांवर गुरे चरतात, पण बिल्डरच्या नकाशात तो सडा 'पडीक'च असतो. रस्त्याकडेला गाड्या लावून चुली पेटवणारे पाहुणेही आपण पाहिले आहेत. 2022 साली पर्यटन खात्याला पर्यटनस्थळी उघड्यावर रांधण्याला बंदी घालावी लागली. खरकटे, प्लास्टिक आणि बाटल्या मागे कोणासाठी राहतात, तेही आपल्याला ठाऊक आहे. (मावसभाऊ म्हणतो, आम्ही कचरा परत नेऊ. डुमसच्या किनाऱ्यावरून तो किती परत नेतो, हे मी विचारले नाही.)

तर मालधाऱ्यांचे हक्क आधी कागदावर येऊ देत, मग घरगाड्यांचे बोला. आणि मुक्काम कुठे करायचा, ते त्यांच्या ग्रामसभांना ठरवू दे. तोवर ज्याला जायचे त्याने होडक्याला जावे. तिथे गावानेच चालवलेले 'शाम-ए-सरहद' आहे. मातीच्या भुंग्यात झोपायला मिळते. फुकट नाही, एवढेच.