सर्व्हर जागा होण्यापूर्वीचा निर्णय

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. पुण्याचा महासंगणक जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. क्षणार्धात लोपणाऱ्या रेडिओ स्फोटांचा शोध हे त्याचे एक कार्य. बातम्यांत गणनक्षमतेची चर्चा पुष्कळ झाली. परंतु महासंगणक असो वा महाविद्यालयातील एकुलता सर्व्हर, तो सुरू कसा होतो या प्रश्नाकडे विज्ञानाचे विद्यार्थी क्वचितच वळतात.

जुनी पद्धत बायॉसची. ती डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचते. एमबीआर नावाच्या या सेक्टरातील विभागांच्या तक्त्याला ६४ बाइट मिळतात. त्यांत चारच प्राथमिक विभागांच्या नोंदी मावतात. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असल्याने सुमारे २.२ टेराबाइटपलीकडची जागा या तक्त्याला मोजताच येत नाही. नवी पद्धत यूईएफआय. ती फॅट स्वरूपाच्या स्वतंत्र ईएफआय विभागातून सुरुवात करते. तिच्यासोबतच्या जीपीटी तक्त्यात सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

अडचण मदरबोर्ड बदलताना उभी राहते. बायॉससाठी मांडलेली डिस्क केवळ यूईएफआय जाणणाऱ्या नव्या बोर्डाला जोडली, तर विदा शाबूत असूनही सर्व्हर सुरू होत नाही. २०२० पर्यंत जुन्या पद्धतीचा आधार काढून घेण्याचा मानस इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता. तेव्हा हा प्रसंग काल्पनिक नव्हे.

लिनक्स सर्व्हरसाठी उपाय स्वस्त आहे. जीपीटी निवडावी, आरंभी ग्रबसाठी १ मेबीबाइटचा विभाग आणि शेजारी सुमारे ५१२ मेबीबाइटचा ईएफआय विभाग ठेवून दोन्ही पद्धतींचे बूटलोडर बसवावेत. कार्यप्रणाली आणि निरीक्षणे यांचे विभाग वेगळे असावेत. दोन डिस्क सॉफ्टवेअर रेडने जोडल्या असतील, तर ईएफआय विभाग दोन्हींवर हवा. कारण फर्मवेअरला सहसा ती जोडणी कळत नाही. काही जुनी बायॉस जीपीटी डिस्कवर अडखळतात, म्हणून प्रत्यक्ष चाचणी अनिवार्य.

हे तंत्रज्ञाचे काम, शास्त्रज्ञाचे नव्हे, असा युक्तिवाद होतो. तो पटणारा नाही. बंद सर्व्हरची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून विदा वाचवता येते. त्या बंद काळातले आकाश मात्र परत मिळत नाही. म्हणूनच उपकरणाच्या अंशांकनाइतक्याच काटेकोरपणे डिस्कचा आराखडाही प्रयोगवहीत नोंदवला गेला पाहिजे, आणि तोही पहिले निरीक्षण साठवण्यापूर्वी.