बटण दाबणाऱ्याला एम.एस्सी. कशाला?

परीक्षांचे निकाल लागू लागले की आम्हा डॉक्टरांच्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या पेशंटबरोबर पालकांचीही वर्दळ सुरू होते. ‘मेडिकलचा नंबर हुकला, आता दुसरे काय?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. अलीकडे या प्रश्नाला एक नवा फाटा फुटला आहे. ‘डॉक्टर, मुलीने एक्स-रे टेक्नॉलॉजीत बी.एस्सी. केले. हॉस्पिटलात नोकरी लागली. आता म्हणते, एम.एस्सी. करायचे आहे. म्हणजे आणखी दोन वर्षे आणि आणखी खर्च. शेवटी बटणच दाबायचे ना? त्याला एवढे शिक्षण कशाला?’

प्रश्न रोखठोक आहे आणि पैसे ज्याच्या खिशातून जाणार त्याने तो विचारलाच पाहिजे. माझे उत्तरही रोखठोक आहे. मुलीला शिकू द्यावे. मात्र कुठे शिकते आणि कशासाठी शिकते, हे नीट पाहून. आणि ही बाब एकट्या त्या घराची नाही. तालुक्याच्या गावी एक्स-रे काढून घेणाऱ्या प्रत्येकाची आहे. ती कशी, ते आज पाहू.

प्रथम ‘बटणा’विषयी. छातीचा एक्स-रे काढताना पेशंटला प्लेटकडे छाती करून उभे करतात आणि किरण पाठीमागून सोडतात. हेच उलटे केले, म्हणजे किरण समोरून सोडले, तर हृदय प्लेटपासून दूर राहते आणि त्याची सावली मोठी पडते. पेशंटने श्वास पुरता भरून घेतला नाही तरी हृदय फुगल्यासारखे दिसते आणि फुफ्फुसाचा खालचा भाग धुरकट येतो. असा फोटो घेऊन माणूस घाबराघुबरा होऊन येतो, ‘हृदय वाढले’ म्हणून पुढच्या तपासण्यांच्या रांगेत उभा राहतो, आणि हृदय मात्र ठणठणीत असते. क्षयाची जागा पुष्कळदा फुफ्फुसाच्या टोकाशी, गळपट्टीच्या हाडामागे दडलेली असते. शंका आल्यास वेगळ्या कोनातून फोटो घ्यावा लागतो. आम्ही डॉक्टर वाचतो ते चित्र. ते चित्र खरे की फसवे, हे अर्धेअधिक त्या ‘बटण दाबणाऱ्या’च्या हाती असते.

आता दुसरा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूर्वी फिल्म होती. किरणांची मात्रा जास्त झाली की फिल्म काळीठिक्कर पडायची. डॉक्टर ती परत पाठवायचा आणि तंत्रज्ञाला आपली चूक तिथल्या तिथे कळायची. आता डिजिटल यंत्रे आली. त्यांत मात्रा जास्त झाली तरी संगणक चित्र सुधारून घेतो. उलट जास्त मात्रेत चित्र अधिकच स्वच्छ दिसते. कोणी तक्रार करीत नाही. मग हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता, मात्रा वाढत जाते. जगभरच्या क्ष-किरण विभागांना ठाऊक असलेला हा दोष आहे. फिल्म चूक ओरडून सांगत होती. संगणक ती पोटात घालतो. ती शोधायची तर पडद्यावरच्या आकड्यांचा अर्थ कळावा लागतो, आणि तो बघून-बघून शिकलेल्या पोराला कळत नाही.

मात्रेचे आकडेही सांगतो. छातीच्या एका साध्या एक्स-रेत सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट इतके किरण मिळतात. ते नगण्य आहेत, त्याला कोणी भिऊ नये. निसर्गातून, म्हणजे जमीन, हवा व आकाश यांतून, माणसाला वर्षाकाठी जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. पण पोटाच्या एका सी.टी. स्कॅनमध्ये साधारण ८ मिलिसिव्हर्टच्या आसपास मात्रा जाते, म्हणजे छातीच्या शेकडो एक्स-रेंइतकी. गरज असेल तर सी.टी. जरूर करावा, त्याने जीव वाचतात. पण तोच सी.टी. लहान मुलाचा असेल आणि यंत्र मोठ्या माणसाच्या हिशेबावर लावून ठेवलेले असेल, तर ते चालेल काय?

यंत्रे बदलतात तसे ज्ञानही बदलते. एक्स-रे काढताना पेशंटच्या ओटीपोटावर शिशाचे कवच ठेवायचे, हे आम्ही कॉलेजात शिकलो. २०१९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने हा सरसकट रिवाज थांबवावा असे सांगितले. आधुनिक यंत्रांत त्याचा लाभ नाममात्र असतो. कवच भलत्या जागी सरकले तर हवा तो भाग झाकला जातो, आणि कधी यंत्र आपोआप मात्रा वाढवते. त्यापेक्षा किरणांचा झोत आवश्यक तेवढ्याच भागापुरता आवळणे केव्हाही चांगले. एम.आर.आय.ची गोष्ट आणखी वेगळी. त्यात क्ष-किरण नाहीत, पण प्रचंड चुंबक आहे आणि तो तपासणी चालू नसतानाही जागाच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात पेशंटबरोबर आलेला तरुण नातेवाईक प्राणवायूचे लोखंडी नळकांडे घेऊन त्या खोलीत गेला, यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणाला मुकला. त्या दाराशी कोणाला अडवायचे, हे ठरवणारा माणूस जाणकारच हवा.

हे सगळे बी.एस्सी.त शिकवत नाहीत काय? शिकवतात. चांगल्या पदवीने यंत्र सुरक्षित चालवता येते. परंतु चार यंत्रांचा विभाग सांभाळणे, दर महिन्याला मात्रांचा आढावा घेणे, वाया गेलेल्या फोटोंची कारणे शोधणे, नव्या मुलांना शिकवणे, यासाठी त्यापुढचे शिक्षण लागते. एम.एस्सी.चे खरे काम ते. चंदीगडची पी.जी.आय., कर्नाटकातील मणिपाल अशा संस्थांत हे शिक्षण मोठ्या रुग्णालयाच्या आवारातच दिले जाते. आपल्या जिल्ह्यांत पदव्युत्तर तंत्रज्ञ तयार झाले नाहीत, तर पदवीच्या मुलांना शिकवणार कोण? आंधळ्याने आंधळ्याचा हात धरण्यासारखेच ते होईल.

आता या पदवीने काय मिळत नाही, तेही पालकांनी समजून घ्यावे. एम.एस्सी. झाले म्हणून कोणी डॉक्टर होत नाही. एक्स-रे वा सी.टी.चा अहवाल देणे हे आपल्याकडे रेडिओलॉजिस्टचे काम आहे. इंग्लंडमध्ये पुढचे शिक्षण घेतलेले तंत्रज्ञ काही अहवाल देतात, हे खरे. पण ती तिथली व्यवस्था झाली. ‘एम.एस्सी. करून मुलगा सोनोग्राफी सेंटर चालवील’ असे स्वप्न रंगवणारे मला भेटतात. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफी करण्याचा अधिकार पात्र, नोंदणीकृत डॉक्टरांनाच आहे. रुग्णालयातील विकिरण सुरक्षा अधिकारी व्हायचे तर अणुऊर्जा नियामक मंडळाची स्वतंत्र मान्यता लागते. परदेशी जायचे तर तिथली नोंदणी वेगळी. ही कल्पना आधी असली म्हणजे नंतर पश्चात्ताप होत नाही.

फसवणुकीचे प्रकारही सांगतो. खांबांवर चिकटवलेल्या जाहिराती आपण वाचतो : ‘घरबसल्या पॅरामेडिकल पदवी’, ‘शंभर टक्के नोकरीची हमी’. घरबसल्या एक्स-रे शिकता येणार असेल, तर घरबसल्या पोहायलाही शिकता येईल! २०२१ मध्ये संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात क्ष-किरण व प्रतिमा तंत्रज्ञांचा समावेश आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायचे तर किमान ३,६०० तासांची पदवी हवी, असे हा कायदा सांगतो. त्या कायद्याखालील विषय पत्राद्वारे वा ऑनलाइन शिकवणे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या शैक्षणिक सत्रापासून बंद केले आहे. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी स्वतः जाऊन पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे काय, आणि त्यात सी.टी. व एम.आर.आय. रोज चालतात काय?

२. पदवी कोणत्या विद्यापीठाची? त्या विद्यापीठाकडे स्वतः चौकशी करावी. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

३. शिकवणारे कोण? ते तिथेच काम करतात की फक्त तपासणी पथक आले म्हणजे दिसतात?

४. मागच्या तुकडीतील दोन विद्यार्थी आज कुठे आहेत? त्यांना फोन करावा. एवढ्याने निम्म्या शंका मिटतात.

आणखी एक सल्ला. बी.एस्सी.नंतर लगेच एम.एस्सी.ला पळू नये. वर्ष-दोन वर्षे रुग्णालयात काम करावे. रात्री दोन वाजता अपघाताचा पेशंट हलू शकत नाही, नातेवाईक आरडाओरडा करीत आहेत, अशा वेळी फोटो कसा घ्यायचा हे एकदा अंगवळणी पडले की पुस्तकातला प्रत्येक धडा कशासाठी आहे ते कळते. सी.टी. स्कॅन तयार करणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड हे डॉक्टर नव्हते आणि त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती; ते पदविकाधारक अभियंते होते. १९७१ मध्ये त्यांच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचे चित्र घेतले आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून पदवी टाकून द्या असे मी म्हणत नाही. कागद ज्ञानाच्या मागून आला तर शोभतो, एवढाच त्याचा अर्थ.

मुलींच्या बाबतीत घरातून एक भीती हमखास पुढे येते. ‘किरणांमुळे पुढे मूल होणार नाही, लग्नात अडचण येईल.’ ही भीती निराधार आहे. तंत्रज्ञाने भिंतीआड वा शिशाच्या पडद्याआड उभे राहायचे असते. छातीवर लावलेला बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासला जातो आणि किती किरण मिळाले याची नोंद होते. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. नियम पाळणाऱ्याला त्याच्या कितीतरी खालीच मात्रा मिळते. गरोदरपण कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागू होते. धोका या व्यवसायात नाही. बिल्ला खुंटीला टांगून काम करण्यात आहे.

राहता राहिला संगणकाचा बागुलबुवा. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता या नोकऱ्या जाणार’ असे म्हणतात. क्षयाच्या चाचपणीसाठी छातीचे एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये संमती दिली आहे, आणि त्याचा उपयोगही आहे. परंतु संगणक वाचणार ते चित्र कोणीतरी नीट काढावे लागते. दम लागलेल्या म्हाताऱ्याला धीर देऊन ‘आजोबा, मोठा श्वास घ्या, आता धरून ठेवा’ असे संगणक म्हणत नाही. ज्याला फक्त बटण दाबता येते त्याची नोकरी जाईल. ज्याला चित्र कळते त्याची जाणार नाही. एम.एस्सी. करण्याचे हेही एक कारण आहे.

शेवटी सरकार आणि रुग्णालयांचे चालक यांना सांगणे आहे. मुलांनी शिकून यावे आणि त्यांच्यासाठी पदच नसावे, पगारात बी.एस्सी. आणि एम.एस्सी.त फरकच नसावा, असे असेल तर ती मुले मोठ्या शहरांत किंवा परदेशात जाणारच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. लाखो-कोटींचे यंत्र विकत घेताना आपण हात आखडत नाही, आणि ते चालवणाऱ्या माणसाच्या वेळी मात्र ‘कोणीही चालेल’ म्हणतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पदव्युत्तर तंत्रज्ञाचे निदान एक पद असावे आणि तालुक्यांतील केंद्रांच्या मात्रांचा आढावा घेण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

आणि वाचकहो, आपणही एवढे करा. जुने फोटो जपून ठेवा व सोबत न्या, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागणार नाही. पाळी चुकली असल्यास स्त्रियांनी न लाजता आधी सांगावे. आणि यंत्रासमोर उभे राहण्यापूर्वी सभ्यपणे विचारा, ‘आपले शिक्षण काय झाले?’ शिकलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.