गॅस संपला म्हणे!

उन्हाळा लागला की गॅरेजवाल्यांचे एक वाक्य हमखास ऐकू येते : "काका, एसीचा गॅस संपलाय, भरून टाकू." बहुतेक वेळा हे निदान बॉनेट उघडायच्या आधीच तयार असते. माझा आक्षेप 'संपलाय' या क्रियापदालाच आहे.

पेट्रोल जळते, म्हणून संपते. एसीतला गॅस जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, मग डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये त्याची वाफ होताना गाडीतली उष्णता शोषतो, आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. फेरी बंद आहे. रबरी नळ्या आणि सीलमधून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो, हे मान्य. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर तो संपत नाही, गळतो! पंक्चर न काढता रोज हवा भरून देणाऱ्याला आपण काय म्हणू?

शिवाय दोष दरवेळी गॅसचाच असतो असेही नाही. गाडी हायवेला गार आणि सिग्नलला गरम होत असेल, तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतो का आणि जाळीत चिखल-पाला बसला आहे का, ते पाहावे. वारा गार पण मंद येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघावा. पुष्कळ गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्समागे असतो. बाहेरची हवा आत घेणारे बटण चालू राहिले आहे का, हेही बघावे. या तपासण्यांना गॅसचा एक थेंब लागत नाही.

"गिऱ्हाईकालाच घाई असते," असे गॅरेजवाले म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण घाईत भरलेला गॅस महागात पडतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही गळते, आणि तेलाविना कॉम्प्रेसर जाम होतो. अंदाजाने जास्त भरला तर दाब वाढून थंडावा उलट कमी होतो. किती ग्रॅम भरायचा हे सहसा बॉनेटखालच्या लेबलवर छापलेले असते. व्हॅक्यूम करून, वजन करूनच तो भरायला हवा.

आणि गळालेला गॅस जातो कुठे? आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमान वाढवतो. अर्धा किलो हवेत सोडणे म्हणजे जवळपास ३०० लिटर पेट्रोल जाळणे. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. सरकारने दिल्लीत सही करायची आणि आपण गल्लीत गॅस सोडत राहायचे, याला काय अर्थ आहे?

वर्गात नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी गुण देत नसे. रीत दाखव म्हणायचो. गॅरेजमध्येही तेच म्हणावे. गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम भरले, हे दोन्ही बिलावर लिहून मागा. लिहून देणार नसेल, तर गाडी दुसरीकडे न्या. गॅरेजांची वानवा नाही.