शहराच्या गमतीजमती : एक हरकत

मुंबईविषयी लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाला अलीकडे एक सवय जडली आहे. तो आधी वाचकाच्या तळहातावर माहितीचे चार फुटाणे ठेवतो. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिने होती, चौदा डबे होते, चारशे पाहुणे होते. घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली. दुमजली बस १९३७ सालची. 'तुम्हांला माहीत आहे का?' या चालीवरचे हे लिखाण पूर्वी रविवारच्या पुरवण्यांच्या कोपऱ्यात असे. आता मुंबईवरच्या साहित्याच्या चर्चासत्रांत वाचले जाणारे निबंधही त्याच चालीवर सुरू होतात आणि पुष्कळदा तिथेच संपतात.

ही माहिती बहुतांशी खरी आहे, आणि तिच्या खरेपणाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या सुटेपणाविषयी. एक सन, एक आकडा, एक नाव, आणि त्यांच्या मागेपुढे कोरी जागा. शहर समजून घेण्याचे कष्ट टाळून शहराशी सलगी असल्याचे समाधान मिळवण्याची ही सोय आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी ती स्वीकारावी हे आम्हांला घातक वाटते. हे म्हणणे आम्ही वाहतुकीच्याच उदाहरणांनी मांडू इच्छितो, कारण मुंबईच्या गमतीजमतींचा मोठा साठा आगगाडी, ट्राम, बस आणि टॅक्सी यांनीच पुरवला आहे.

पहिल्या गाडीच्या तीन इंजिनांची नावे शाळकरी मुलालाही पाठ असतात. त्याच लोहमार्गाला पुढे दख्खनच्या पठाराशी जोडण्यासाठी १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडला गेला. कामाच्या ऐन भरात तिथे एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने, तापाने आणि दरडींखाली त्यांतले हजारो मेले. या घाटाविषयीही एक आवडती गंमत आहेच : कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेले. गोष्ट खरी आहे आणि सांगण्याजोगीही आहे. पण तीन इंजिनांना नावे आहेत, कंत्राटदाराच्या विधवेला नाव आहे, आणि डोंगर फोडणाऱ्या हजारोंपैकी एकालाही नाव नाही, ही विषमता कोठून आली? ज्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या त्यांच्याच गमती होऊ शकतात. गंमत-माहिती दिसायला निरागस असली तरी नोंद ठेवणाऱ्याची नजर ती बिनबोभाट पुढे चालवते.

आता जवळच्या काळाकडे येऊ. गर्दीच्या वेळच्या लोकलसाठी रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्दप्रयोग आहे. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी, असा त्याचा अर्थ. ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा हसू असते, आणि त्या हसण्यात थोडा अभिमानही असतो : बघा, आमचे शहर कसे निराळे! मालवाहतुकीलाही जी घनता अयोग्य ठरावी ती माणसांच्या बाबतीत परिभाषेत बसवली गेली, यातली भीषणता त्या अभिमानाखाली दबून जाते. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी विजेवरच्या लोकलला शंभर वर्षे झाली. व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हा पहिला प्रवास पुन्हा एकदा सनावळीसह सर्वत्र सांगितला गेला. चार महिन्यांनी, ९ जूनच्या सकाळी, मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्याच दिवशी त्यांतल्या चौघांचा मृत्यू नोंदला गेला. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. शताब्दीची गंमत आणि मृत्यूचा आकडा ही एकाच इतिहासाची दोन पाने आहेत. पहिले पान सुटे काढून चिकटवहीत लावले की दुसरे वाचण्याची जबाबदारी उरत नाही.

डबेवाल्यांचेही असेच झाले. एक कोटी साठ लाख फेऱ्यांत एक चूक, आणि 'सिक्स सिग्मा'चे प्रमाणपत्र! १९९८ साली 'फोर्ब्स'मध्ये एक लेख आला होता. रीतसर तपासणी करून दिलेले प्रमाणपत्र असे काही नव्हते. तरीही व्यवस्थापनाच्या वर्गांपासून मराठी भाषणांपर्यंत ती गोष्ट फिरत राहिली, कारण ती ऐकणाऱ्याला सुखावते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून माणसे डबे वाहायला मुंबईत का आली, डोक्यावरच्या पाटीने त्यांच्या मानेचे आणि पाठीचे काय होते, मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्यावर गावी गेलेल्यांपैकी कितीतरी जण परतले का नाहीत, हे प्रश्न त्या कौतुकात बसत नाहीत. कौतुकानेही माणूस अदृश्य करता येतो, हे येथे शिकण्यासारखे आहे.

२०२३ चे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. सप्टेंबरमध्ये बेस्टची जुनी, डिझेलवरची दुमजली बस रस्त्यावरून गेली. फुले आणि फुगे लावून तिला निरोप देण्यात आला. ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी गेली. स्मरणरंजनाला नुसते उधाण आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बेस्टसाठी कंत्राटी बस चालवणाऱ्या चालकांनी पगारवाढीसाठी संप केला होता. बेस्टने गाड्या स्वतः विकत घेण्याऐवजी कंत्राटदारांची गाडी आणि त्यांचाच चालक भाड्याने घेण्याची पद्धत स्वीकारल्याला तेव्हा काही वर्षे झाली होती. जिचे एवढे स्वागत झाले ती नवी वातानुकूलित दुमजली बसही याच पद्धतीने आली. म्हणजे बसचा जिना, वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी आणि तिथला वारा यांच्यावर आपण भरभरून लिहीत होतो, तेव्हा त्या बसमागची सार्वजनिक संस्थाच हळूहळू विरघळत होती. निरोप बसला दिला गेला. निरोप घेत होती ती नोकरीची एक पद्धत आणि शहराची स्वतःविषयीची एक कल्पना. डोळे भरून आल्यामुळे दिसेनासे होते, असा हा प्रकार.

सुटी माहिती आणि जोडलेली माहिती यांतला फरक एका पुलाच्या उदाहरणाने सांगता येईल. एल्फिन्स्टन रोड स्थानकाला १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे नाव होते, आणि २०१८ साली ते बदलून प्रभादेवी झाले. ही गंमत झाली. आता दुसऱ्या रीतीने सांगू. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो गिरणगावाला उद्ध्वस्त करून गेला. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करण्याची वाट दाखवली. २००१ च्या दुरुस्तीने त्यांतला सार्वजनिक वाटा आक्रसला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. चिमण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. पूर्वी चाळीतून गिरणीत चालत जाणाऱ्या कामगाराची जागा उपनगरांतून लोकलने येणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांनी घेतली. परळ आणि एल्फिन्स्टन रोड यांना जोडणारा अरुंद पादचारी पूल मात्र तसाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, पुलाच्या जिन्यावर माणसे अडकली, आणि चेंगराचेंगरीत तेवीस जण मेले. या दुसऱ्या कथनातही सन आणि आकडेच आहेत. पण येथे प्रत्येक सन पुढच्याला धक्का देतो, आणि तो धक्का शेवटी त्या जिन्यापर्यंत पोहोचतो.

यावर असे म्हटले जाईल की गमतीजमती हे शहरावरचे प्रेम आहे, आणि अभ्यासकांनी सामान्य वाचकाच्या आनंदावर विरजण घालू नये. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण तपशिलाचे प्रेम म्हणजे काय हे मराठीला १८६३ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. त्यात रस्ते, बाजार, गिरण्या, आगगाडी, जातीजमाती, धंदे, सण यांविषयी माहितीचा अक्षरशः डोंगर आहे. पण माडगावकरांचा तपशील वस्तीला, धंद्याला, माणसाच्या पोटाला बांधलेला आहे. हे शहर कोणी वसवले आणि ते कशावर चालते, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. ज्या वर्षी बोरघाटाचा मार्ग खुला झाला त्याच वर्षी हे पुस्तक आले, हा योगायोगही नुसता सांगितला तर फुटाणाच ठरेल. घाट उघडल्यामुळे या शहराकडे कोण कोण चालून येणार होते, हे विचारले तर त्याच योगायोगातून दलित आणि कामगार साहित्यापर्यंतचा रस्ता दिसू लागतो.

साहित्याच्या वर्गाकडे वळताना आम्हांला अधिक कठोर व्हावे लागते. जून २०१२ पासून 'नेट' परीक्षेची तिसरी प्रश्नपत्रिकाही वस्तुनिष्ठ झाली आणि आपले अध्यापन त्या साच्याकडे झुकत गेले. 'गोलपिठा' : १९७२, प्रस्तावना विजय तेंडुलकर, कवी काही काळ टॅक्सीचालक. तीन तथ्ये, तीन गुण. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली ही साहित्यातली सर्वांत लोकप्रिय गंमत असावी. ती सांगून आपण पुढे जातो. पण टॅक्सीचालकाला शहर कोठून दिसते? तो सर्व वस्त्यांत जातो आणि कोणत्याच वस्तीचा पाहुणा नसतो; मागच्या आसनावरचे बोलणे त्याच्या कानांवर पडते, पण ते त्याला उद्देशून नसते; रात्रीचे शहर आणि दिवसाचे शहर यांतला व्यवहार त्याला भाड्याच्या भाषेत कळतो. 'गोलपिठा'तल्या भाषेची सरमिसळ, तिचा वेग, सभ्य वस्तीची भीड न बाळगणारा तिचा सूर यांचा या जागेशी संबंध आहे की नाही? असेल तर कसा, नसेल तर का? हा प्रश्न चार पर्यायांत मावत नाही म्हणून तो विचारलाच जात नाही. जयंत पवारांच्या 'अधांतर'चेही तेच. '१९९७, गिरणी संप' एवढी टीप घेऊन विद्यार्थी बाहेर पडतो, आणि त्या नाटकातल्या खोलीपासून त्या पुलापर्यंत किती अंतर आहे, हे त्याला कोणी विचारत नाही.

आमची मागणी साधी आहे. शहराविषयीचे तथ्य वर्गात किंवा निबंधात आणणाऱ्याने त्याच्याबरोबर तीन प्रश्न आणावेत : हे कोणाच्या श्रमाने घडले, याची नोंद कोणी ठेवली, आणि यानंतर काय झाले. या तिन्हींना जे उत्तर देते ते तथ्य ठेवावे, मग ते कितीही बारीक असो. घोड्याच्या ट्रामचा तबेलाही चालेल. जे देत नाही ते पुरवणीच्या कोपऱ्यासाठी सोडून द्यावे.

पुढच्या वर्षीही १६ एप्रिल येईल आणि साहिब, सिंध, सुलतान ही नावे पुन्हा घेतली जातील. ती घेताना साहित्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने उठून विचारावे, की इंजिनांची नावे कळली, आता रुळांखालची खडी कोणी फोडली ते सांगा. वर्गातल्या शिक्षकाला याचे उत्तर लगेच देता आले नाही तरी चालेल. त्याने तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवू नये, एवढे मात्र आम्ही आग्रहाने सांगतो.